वय वर्षे सहा पूर्ण

१४ मार्च

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, आता कशी आठवण झाली. 'अर्जदार' लिहिलं तर पत्र पुढे न वाचताच केरात जाईल. म्हणून नुसतं धाकट्या.

फोन तू उचलत नाहीस. टपालाचं बरं असतं, नको म्हणायचं झालं तरी माणसाला ते आधी हातात घ्यावं लागतं.

मंगळवारी खिडकी क्रमांक चारवर तू जे बोललास ते अख्ख्या रांगेने ऐकलं. "आजपासून तू माझी ताई नाहीस. तू बाई. छाननीतली बाई." तुझ्या मागे उभा असलेला उमेदवार म्हणाला, "भाऊ, भांडण लांबणार असेल तर जरा बाजूला होता का? मला फक्त एक सही करायची आहे." तू त्यालाही फैलावर घेतलंस. बिचाऱ्याने सही चुकीच्या चौकटीत केली.

रागाच्या भरात तू लाल चिठ्ठी नीट वाचली नसशील, म्हणून इथे लिहिते. राज्यसेवेच्या परीक्षेला बसायला चार गोष्टी लागतात. नागरिकत्व: आहे. पदवी: आहे, एकतिसाव्या वर्षी का होईना. प्रयत्न चारपेक्षा जास्त नकोत: तुझे दोनच झालेत, गेल्या खेपेला तर तू मुलाखतीपर्यंत गेलास. आणि वय. एक जानेवारीला पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नकोत. शाळेच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी तुला पस्तीस वर्षं आणि एकेचाळीस दिवस झाले होते. मी दोनदा मोजले.

या टेबलावर मला बारा वर्षं झाली. एका दिवसाने हुकलेले उमेदवार मी पाहिलेत, त्यांच्या आयाही पाहिल्यात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय माझ्याकडे नाही. पात्र असेल त्याला हिरवी चिठ्ठी, नसेल त्याला लाल. राग मानू नकोस असं मी म्हणणार नाही. तो तुझा हक्क आहे आणि त्याला वयाची अट नाही.

छाननीतली बाई


२१ मार्च

धाकट्या,

पत्र परत आलं नाही. म्हणजे घेतलंस, किंवा निदान फाडलंस. दोन्ही चालेल.

काल तुझ्या सायकलच्या दुकानावरून गेले, समोरच्या फुटपाथने. तू वाकडं चाक उलटं टांगून त्याचा आऊट काढत होतास, फिरवून फिरवून सरळ करत. एक बोट रिमजवळ धरलेलं, मान वाकडी. शेजारच्या स्टुलावर पुस्तक उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून त्यावर पाना ठेवलेला. लाल चिठ्ठी मिळाल्यावरही हा माणूस अभ्यास कशाला करतो, असं मला वाटलं. मग आठवलं, तुझी सवयच तशी आहे. बाबा गेले तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवशी तू दुकान उघडलंस आणि मला म्हणालास, "एकाने शिकायचं, एकाने हवा भरायची. तुला हवा भरता येत नाही." इतक्या सोप्या शब्दांत वाटणी झाली की मला वादही घालता आला नाही. मी शिकले. तिसऱ्या खेपेला कारकुनाची परीक्षा पास झाले. तू दहा वर्षं हवा भरलीस आणि मग कॉलेजात गेलास.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मागच्या पत्रात मी दोनच रंग लिहिले. चिठ्ठ्या तीन असतात. तिसरी पिवळी. अर्जात कुठे संशय असेल तर आम्ही अर्ज नाकारत नाही, पिवळी लावतो आणि पंधरा दिवसांत पुरावा आणा म्हणून कळवतो. तुझ्या अर्जाला तू दाईच्या वहीच्या पानाची प्रत जोडली होतीस. खाली लिहिलं होतंस, 'शाळेतली तारीख एक वर्षाने चुकीची आहे, खरी तारीख या पानावर आहे.' तुझं अक्षर अजून तसंच, कुत्र्याचे पाय मांजराला. पण वाचता येतं.

ते मी वाचलं. वाचून लाल लावली.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने विचारलंही, "अगं, याला पिवळी नको का? वहीचं पान जोडलंय त्याने." मी म्हणाले, "असल्या वह्या काय, कुणीही लिहितं." ती माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिली. शिवाय नियम असा की नात्यातला अर्ज आला तर तो दुसऱ्या टेबलावर द्यायचा. मी दिला नाही. का, तर उद्या कुणी म्हणू नये की बाईने भावाला ओळखीने आत घेतलं.

हे शेवटचं वाक्य मी आठवडाभर स्वतःलाही सांगते आहे. ऐकायला चांगलं वाटतं.

बाई


२९ मार्च

धाकट्या,

लाल चिठ्ठीवर अपील करायला तीस दिवस असतात. तुझी मुदत दहा एप्रिलला संपते. हे तुला माहीत आहे, कारण त्या दिवशी खिडकीवर तू तेही ओरडून सांगितलंस. "ज्याने चुकीची तारीख सांगितली त्याचं शपथपत्र हवं म्हणे! सांगणारे बाबा. ते गेले. आता शपथपत्र काय स्मशानातून आणू?" रांगेतली एक बाई हळहळली. मी शिक्का मारत होते.

तारीख बाबांनी सांगितली नव्हती.

तुझ्या शाळेने प्रवेशनोंदीचा उतारा मोहोरबंद पाकिटातून थेट आमच्याकडे पाठवला. पद्धत तशीच आहे, उमेदवाराला तो दिसत नाही. पाकीट मी फोडलं. त्या पानावर शेवटचा रकाना आहे, 'माहिती देणार'. बाकी मुलांच्या पुढे वडील, आई, काका असं आहे. तुझ्या पुढे लिहिलंय: बहीण.

तुला 'कान पकड'चा खेळ आठवतो का? तू तो दुकानातल्या लोकांना सांगायचास, आमची ताई मला आठ दिवस डोक्यावरून कान पकडायला लावायची, वेडी होती. तो खेळ नव्हता. पहिलीत जायला सहा वर्षं पूर्ण लागत. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. मग हेडमास्तर मुलाला समोर उभं करून सांगायचे, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." बोटं कानाला लागली की सहा पूर्ण. न लागली तर पुढच्या वर्षी या.

तू पाच वर्षांचा होतास. तुझी बोटं कानाच्या वर दोन बोटं थांबायची. मी तुला मागच्या अंगणात उभं करून ताणून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग माझ्या लक्षात आलं की मान जराशी वाकडी केली तर कान आपोआप वर येतो. फार वाकडी केली तर मास्तरांना कळणार. म्हणून आठ दिवस सराव. कान धरलास की मी तुला पाठुंगळीला घेऊन अंगणाला फेरी मारायचे. नवव्या दिवशी हेडमास्तरांसमोर तू पहिल्या झटक्यात कान धरलास आणि माझ्याकडे बघून हसलास, कारण तुला फेरी हवी होती. मास्तरांनी विचारलं, "जन्म कधीचा?" दिवस आणि महिना मी खरा सांगितला. वर्ष एकाने मागे नेलं.

का केलं, तेही लिहिते. आई शिवणाच्या कारखान्यात जायची आणि तुला सांभाळायला मी घरी. शेजारच्या मुली दप्तर घेऊन जाताना दिसायच्या. मी आईकडे हट्ट धरला, तर ती म्हणाली, "याला कुणाच्या गळ्यात बांधू? दोघं जात असाल तर जा. नाहीतर दोघं घरी बसा."

मला शाळेत जायचं होतं आणि तुझ्याशिवाय जाता येत नव्हतं. मी तुझं एक वर्ष घेतलं. तेव्हा वर्ष फुकट असतं असंच वाटायचं. तुझी मान मात्र तशीच राहिली, चाक बघताना, वाचताना. अर्जावरच्या फोटोतही वाकडी आहे. नियमाप्रमाणे फोटोत मान सरळ हवी, पण तेवढ्यावर मी काही म्हटलं नाही.

मला लाज वाटते, धाकट्या. हे वाक्य कसं सजवावं ते मला कळत नाही, म्हणून तसंच ठेवते.

तू म्हणशील, मग दे की शपथपत्र, अडलंय कुठे. अडलंय. ते पुढच्या पत्रात. आज एवढंच जमलं.

बाई


५ एप्रिल

धाकट्या,

शपथपत्राचा छापील नमुना असतो. मीच तो बारा वर्षं लोकांना देते आहे, खिडकीतून, 'समोरच्या दुकानातून दोन प्रती काढा' असं सांगून. परवा पहिल्यांदा स्वतःसाठी घेतला. पहिला रकाना: शपथकर्त्याचं नाव. दुसरा: अर्जदाराशी नातं. तिसरा: माहिती दिली त्या वेळी शपथकर्त्याचं वय.

तिसऱ्यापाशी मी तीन दिवस बसले आहे.

शाळेच्या त्या पानावर तुझी नोंद आठवी आहे. सातवी माझी. एकाच दिवशी, एकाच शाईत, एकाच पोरीने सांगितलेली. पहिलीला आठच्या वर घेत नसत आणि मी नऊ वर्षांची होते. मी मास्तरांना 'सात' सांगितलं. अंगाने मी किडकिडीत, त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणजे कागदावर तुझ्या-माझ्यात एका वर्षाचं अंतर आहे आणि खरं चारचं. लहानपणी तू मला 'म्हातारे' म्हणायचास. बरोबर होतास.

आता तूच छाननी कर. कारकुनाच्या परीक्षेला वयाची अट पंचवीस होती. कागदावर मी चोवीसची होते. खरी सव्वीसची. म्हणजे ज्या खुर्चीवर बसून मी लोकांना एकेका दिवसासाठी परत पाठवते, त्या खुर्चीवर बसायला मी स्वतः पात्र नव्हते. याला काय म्हणतात ते चोराला विचारावं, त्याच्या मनात चांदणं असतं.

म्हणून तुझा अर्ज मी दुसऱ्या टेबलावर दिला नाही. ते पान कुणाच्या हातात पडायला नको होतं. म्हणून पिवळी लावली नाही. पिवळी लावली असती तर तू पुरावा शोधत शाळेपर्यंत गेला असतास. लाल लावली की तू संतापणार, तोंड फिरवणार आणि शोधणार नाहीस, हे मला माहीत होतं. तुला मी चांगली ओळखते. भावाला ओळखण्याचा असाही उपयोग होतो.

नोकरी गेली तर मी काय करीन, याची मला भीती वाटते. खरंच वाटते. मला दुसरं काही येत नाही. तुझ्याकडे निदान पाना तरी आहे.

तिसऱ्या रकान्यात 'सात' लिहून पाहिलं, पेन्सिलीने. सात लिहिलं तर नोकरी वाचते. पण मग ते शपथेवर खोटं, आणि सात वर्षांच्या पोरीला भावाचं वय नीट आठवतं हे अपील समितीतला कुणीही खरं मानणार नाही. तुझं अपील पडेल. नऊ लिहिलं तर टिकेल. एका आकड्याने आपल्यापैकी एकाचंच भागतं.

आज सकाळी नऊ लिहिलं. शाईने. दाईच्या सुनेकडे जाऊन मूळ वही मागितली. ती आधी ताकास तूर लागू देईना, मग म्हणाली, "परत आणून द्याल तर न्या. सासूबाईंचं तेवढंच शिल्लक आहे." वहीत तुझं पान आहे आणि बरंच आधी माझं. वजन लिहिलेलं नाही. माझ्या पुढे लिहिलंय, 'मुलगी, मोठ्याने रडली.'

दुपारी अधीक्षकांच्या टेबलावर सगळं ठेवलं: तुझं अपील, माझं शपथपत्र, वही. अपिलावर तुझी सही लागते. चष्मेवाली उद्या कागद घेऊन दुकानावर येईल, हे पत्रही तिच्याच हाती देते. तिच्यावर ओरडू नकोस, तिने काही केलेलं नाही. अधीक्षकांनी शपथपत्र वाचलं, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, इथे चूक झाली आहे का? पुन्हा लिहायला नमुना देऊ?"

भला माणूस. मी म्हणाले, "नको. चूक झालेली आहे, पण इथे नाही."

बहीण


२६ एप्रिल

धाकट्या,

समितीचा निर्णय तुला मिळाला असेल, तरी हिरवी चिठ्ठी मी पाहिली हे सांगायला लिहिते. चष्मेवालीने लावली. लावण्याआधी मला दाखवायला आणली आणि तिची टाचणी तिच्याच बोटाला टोचली. वय चौतीस वर्षं, एकेचाळीस दिवस. परीक्षा अठरा जूनला. हा तुझा शेवटचाच प्रयत्न, पुढच्या जानेवारीत तू खराखुरा पस्तीसचा असशील आणि मग कुणाचंही शपथपत्र चालणार नाही.

माझी चौकशी बसली आणि उठलीही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, माझं वीस दिवसांत आटोपलं. सगळं मीच लिहून दिलं होतं, त्यांना शोधायला काही उरलं नाही. सेवा समाप्त. आदेशात लिहिलंय, 'नियुक्तीच्या वेळी वय सव्वीस.' सरकारी कागदावर माझं खरं वय पहिल्यांदाच आलं. मी ते दोनदा वाचलं. मग टेबलाचा खण रिकामा केला. त्यात निघालं ते: एक कंगवा, टाचण्यांची डबी, आणि लाल चिठ्ठ्यांचा अर्धा गठ्ठा. गठ्ठा चष्मेवालीला दिला.

मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं असं काही नाही.

आता कामाचं. परीक्षेला सात आठवडे आहेत. तू सकाळी आठ ते रात्री आठ दुकानात आणि स्टुलावर पुस्तक, त्यावर पाना. असं मुलाखतीपर्यंत जाता येतं, पुढे नाही. मी मोकळी आहे. दुकानाची किल्ली पाठव. एकाने शिकायचं, एकाने हवा भरायची, हे तूच ठरवलं होतंस. मला येत नाही हे खरं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुलाही येत नव्हतं, तेव्हा तू पहिलीतच होतास.

मी यायला नको असेन तर किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेव. तू वाचनालयात जा, आपली गाठ पडायची गरज नाही.

बहीण


३ मे

धाकट्या,

पाकीट मिळालं. मी आधी ते हलवून पाहिलं, आत खुळखुळलं. किल्लीबरोबर चिठ्ठी होती, तीही लिहिते म्हणजे तुला कळेल की वाचता आली: 'मोठा पंप गळतो, छोटा वापर. पंक्चर पाण्यात बघायचं. नट डाव्या खणात. आऊट काढायच्या फंदात पडू नकोस, मी आल्यावर बघीन.'

वर काही नाही, खाली काही नाही. ना बाई, ना ताई. तक्रार करत नाही, नोंद करून ठेवते.

पहिल्या दिवशी तीन गिऱ्हाईकं आली. एकाची ट्यूब मीच फोडली. तो म्हणाला, "बाई, नवीन आहात वाटतं?" मी म्हणाले, "बारा वर्षांचा अनुभव आहे. दुसऱ्या खात्यातला."

दुकान उघडं आहे.

बहीण


१८ जून

धाकट्या,

हे पत्र टपालात टाकणार नाही. डाव्या खणात, नटांच्या डब्याखाली ठेवते. संध्याकाळी येशील तेव्हा मिळेल.

सहा आठवडे तू दुकानाकडे फिरकला नाहीस. शिंपी सांगायचा, वाचनालय उघडायच्या आधी तुमचा भाऊ पायरीवर बसलेला असतो. मी ऐकून घ्यायचे आणि टायर काढायची पट्टी हातात घ्यायचे. आता पंक्चर मला पाण्याशिवायही सापडतं, कानाजवळ नेलं की कळतं. आऊटच्या फंदात पडले नाही. सात चाकं तुझ्यासाठी टांगून ठेवली आहेत.

आज सकाळी सात वाजता फळी उघडत होते. तू सायकल घेऊन समोर उभा. खिशात प्रवेशपत्र, वरच्या खिशाला दोन काळी पेनं. दाढी केलेली. तू माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत म्हणालास, "ताई, मागच्यात हवा कमी आहे. जरा भरतेस?"

मी अंगठ्याने चाक दाबून पाहिलं. मग छोटा पंप लावला आणि दोन झटके मारले. तू "पुरे" म्हणालास. मीही "पुरे" म्हणाले. तू टांग मारलीस आणि गेलास. वळणापर्यंत तुझी मान वाकडी दिसत होती. पेपर लिहिताना सरळ ठेवली असशील तर बरं.

निकाल काय लागायचा तो लागेल. एक मात्र लिहून ठेवते, नाहीतर रात्री तुझ्या तोंडावर सांगायला मला जमणार नाही. चाक टणक होतं, धाकट्या. त्यात हवा कमी नव्हती. मला आता ते कळतं.

ताई